कोरीवकामाचं जुनं मशीन द्यायचंय, पण भंगारात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे एक पेंटोग्राफ एन्ग्रेव्हिंग मशीन आहे, हातानं चालवायचं, त्यात कॉम्प्युटरबिम्प्युटर काही नाही, आणि आता मी काम बंद करतोय तर ते कुणाला तरी द्यायचंय. फुकट दिलं तरी चालेल. अटी दोनच, भंगारात जाऊ नये आणि कुणाच्या हॉलमध्ये शोपीस म्हणून उभं राहू नये. पण ह्या दोन अटी सांगितल्या की समोरच्याचा इंटरेस्टच संपतो. भंगारवाल्याला वजन हवंय, इंटिरियरवाल्याला "व्हिंटेज लूक" हवाय, आणि चालवणारा माणूस कुठेतरी असणारच पण त्याची माझी गाठ पडत नाही. माझ्यासारखे बरेच जण असतील म्हणून हे पत्र.

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार दांड्या, चारही कोपऱ्यांत सांधे, म्हणजे एक हलता चौकोन. एका टोकाला स्टायलस, म्हणजे बोथट टोकाची सळई असते, ती पितळी अक्षराच्या खाचेतून फिरवायची, आणि दुसरीकडे मोटरवर गरगर फिरणारं कटर तीच हालचाल लहान करून खालच्या पट्टीवर उतरवतं. मूळ युक्ती १६०३ सालची, ख्रिस्टोफ शायनर नावाच्या जेझुइट पाद्र्यानं चित्रं लहानमोठी करायला काढलेली. १८८५ मध्ये अमेरिकेतल्या लिन बॉइड बेंटननं त्याच तत्त्वावर छपाईच्या टाइपांचे पंच, म्हणजे साचे करायचे पोलादी ठसे कापायचं मशीन बनवलं, आणि पुढे टेलर हॉब्सन, गॉर्टन, डेकेल ह्या कंपन्यांची मशीनं कारखान्या-कारखान्यांतून गेली. टेलर हॉब्सन ही तर मुळात भिंगांची कंपनी! लेन्सच्या कड्यावर एवढेएवढे आकडे कोरायचे असतात ना, त्या कामाला असलं मशीन लागणारच.

ह्यातली खरी गंमत अशी की चारास एक असं प्रमाण लावलं की तुमच्या हाताची थरथरही चौथाई होते, त्यामुळे नवशिक्यालाही पहिल्याच दिवशी बऱ्यापैकी सुबक अक्षर कापता येतं. पुढचं सगळं मात्र कानानं आणि नखानं शिकायचं. पितळेवर कटर नीट लागलं असेल तर आवाज एकसारखा येतो आणि बारीक पिवळा भुगा पडत राहतो, धार गेली की आवाज चिरका होतो आणि अक्षराच्या कडेला बर, म्हणजे धातूची बारीक खरखरीत कड उठते, डोळ्याला दिसायच्या आधी ती नखाला लागते.

आता कुणीही म्हणेल की लेझरच्या जमान्यात हे कशाला. बरोबर आहे, ॲक्रिलिकच्या पाट्या लेझरवर झटपट होतात, आणि एकसारखे शंभर नग काढायचे असतील तर सीएनसीसमोर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या कटाई मशीनसमोर पेंटोग्राफनं उभंच राहू नये, मी काही त्यांच्याशी भांडायला बसलेलो नाही. पण एकच पट्टी करायची आहे, पितळेची आहे, खोल खाच हवी आहे कारण त्यात रंग भरायचा आहे आणि तो ऊन-पाऊस-पुसापुशी सोसून टिकायला हवा, अशा कामाला हे मशीन आजही उत्तम आहे. फाईल बनवायची नाही, सॉफ्टवेअर नाही, अपडेट नाही. गंमत म्हणजे ह्याच्या नंतरच्या पिढीची जी पहिली कॉम्प्युटरवाली एन्ग्रेव्हिंग मशीनं आली त्यांना घर मिळणं जास्त अवघड झालंय, कारण लोखंड ठणठणीत असतं पण ते चालवायला तो जुना कॉम्प्युटर, ती फ्लॉपी, ती मागची केबल लागते आणि ह्यातलं एक जरी गेलं तरी सगळं ठप्प. हातमशीनला तेल घातलं, बेल्ट बदलला, की चालू.

मला खरं जे लिहायचंय ते पुढे आहे. मशीन वाचतं किंवा मरतं ते त्याच्या सोबतच्या सामानावर, आणि नेमकं तेच आधी गायब होतं. बीडाचा सांगाडा जड असल्यामुळे कुणी उचलून नेत नाही. अक्षरांचे डबे मात्र पितळेचे, हातात मावणारे, भाव चांगला, ते पहिले जातात. मग कॉलेट, म्हणजे कटर पकडणारी चिमटी, मग कटर धार लावायचं छोटं ग्राइंडर, मग प्रमाणाचा तक्ता. ऑनलाइन विकणारेही हेच करतात, सेट फोडून तुकड्यातुकड्यानं विकतात, त्यात पैसे जास्त सुटतात हे मान्य, पण उरतं काय तर दांड्यांचा एक सापळा आणि तो घेणाऱ्याला काहीही उपयोगाचा नाही. कॉलेट त्या त्या स्पिंडलचं, म्हणजे कटर फिरवणाऱ्या दांड्याचं वेगळं असतं, दुसऱ्या मशीनचं बसेलच असं नाही. कटर म्हणजे एका बाजूनं निम्म्यापर्यंत घासलेली सळई, पुढे कोनात टोक काढलेलं आणि टोकाला डोळ्याला जेमतेम दिसेल एवढं सपाट, ते हातानं दगडावर घासून येत नाही, त्याला ग्राइंडरच हवं. ग्राइंडर नसेल तर पहिलं कटर बोथट झालं की नव्या मालकाचं मशीन बंद. म्हणून ज्यांना द्यायचंय त्यांना माझी हात जोडून विनंती, देताना सगळं एकत्र द्या, नाहीतर देऊ नका.

अक्षरांचं तर विचारू नका. रोमनचं सोपं आहे, सव्वीस मोठी, सव्वीस छोटी, आकडे, झालं. आपल्या देवनागरीला काना, मात्रा, उकार, रफार, जोडाक्षरं, आणि वरची शिरोरेघ सलग दिसली पाहिजे म्हणजे प्रत्येक तुकड्यावर ती केसाच्याही फरकाशिवाय एकाच उंचीवर हवी. माझ्या डब्यातली बरीचशी देवनागरी अक्षरं ह्याच मशीनवर कापलेली आहेत: आधी कागदावर हातभर मोठं अक्षर काढायचं, त्यावरून जाड प्लास्टिकवर जरा लहान कापायचं, ते घासूनपुसून साफ करायचं आणि मग त्यावरून आणखी लहान करत पितळेवर. "श्री" आणि "क्ष" नं सगळ्यात जास्त वैताग दिला. हे डबे वितळायला गेले तर असे पुन्हा कुठल्या दुकानात मिळणार नाहीत, आणि मला मशीनपेक्षा त्यांचीच जास्त काळजी आहे हे खरंच सांगतो.

कुणाला द्यायचं ह्याचा मी बराच शोध घेतला. म्युझियमचा विचार सगळ्यांना पहिला सुचतो. म्युझियमनं घेतलं तर मान मिळतो, पण त्यांच्याकडे जागा कमी असते, आधीच एक असतं, आणि घेतलंच तर दोरीच्या पलीकडे बंद उभं राहतं. फार जुनं, दुर्मिळ, किंवा घड्याळाच्या डायलवर लाटांची नक्षी कापायचं गिलोशे मशीन असेल तर म्युझियमला जरूर विचारा, माझं काही तसलं नाही, साधं कामाचं मशीन आहे. तांत्रिक शाळा ही जागा मला जास्त पटते, कारण समांतरभुज चौकोन पुस्तकात शिकवण्यापेक्षा पोरांच्या हातात स्टायलस दिली की एका मिनिटात प्रमाण म्हणजे काय ते डोक्यात बसतं. पण एका संस्थेनं मला आधी कोटेशन मागितलं. फुकट वस्तूचं कोटेशन! मग म्हणाले स्टॉक रजिस्टरला नोंद कुठल्या किंमतीनं करायची, आणि पुढे फोनच आला नाही. त्यांनाही दोष नाही, उघडा बेल्ट आणि फिरतं कटर म्हटल्यावर गार्ड बसवायला हवा, जबाबदारी घ्यायला माणूस हवा. ज्या शाळेत असा एखादा उत्साही वर्कशॉपवाला सर असेल तिथेच द्यावं, इमारत बघून देऊ नये.

त्याच्याखालोखाल छंदवाले, म्हणजे मॉडेल इंजिन बनवणारे, घड्याळं दुरुस्त करणारे, लेटरप्रेसवाले म्हणजे खिळे जुळवून छापणारे, बंदुकीच्या दस्त्यापासून पदकांपर्यंत कोरीवकाम करणारे. ही मंडळी येतात ती प्रश्न घेऊन येतात आणि त्यावरूनच माणूस कळतो. जो पहिल्यांदा "किती किलो?" विचारतो त्याला मी चहा देऊन वाटेला लावतो. जो स्टायलस एका जागी घट्ट धरून दुसऱ्या हातानं स्पिंडल हलवून बघतो, सांध्यात खेळ म्हणजे ढिलेपणा किती आहे ते, त्याला मी खुर्ची देतो. हीच परीक्षा मशीन नेणाऱ्या प्रत्येकानं करावी, कारण सांधे झिजलेले असतील तर गोल शून्य अंड्यासारखं येतं आणि मग बेअरिंग-बुश बदलण्याशिवाय उपाय नाही. प्रमाण लावायच्या दोन्ही दांड्यांवरचे आकडे सारखे लावले नाहीत तरी अक्षर वाकडं येतं, तेव्हा खराब म्हणून सोडून देण्याआधी तेवढं तपासा.

हलवण्याबद्दलही दोन शब्द, कारण इतकी वर्षं टिकलेलं मशीन टेम्पोत एका तासात वाया जातं. दांड्यांना धरून कधीही उचलू नये, त्या बांधून किंवा लॉक करून टाकायच्या आणि उचलायचं ते खालच्या बीडाच्या बैठकीला धरून. वरचं अक्षरांचं टेबल आणि मोटर आधी उतरवा, स्क्रू पिशवीत घालून पिशवीवर नाव लिहा, उघड्या घासलेल्या भागांना तेल लावा. मोटर थ्री फेजची असेल तर घाबरून जायचं कारण नाही, व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजवरून थ्री फेज करून देणारा डबा लावून बहुतेकदा घरच्या सिंगल फेजवर चालते, पण जुनी वायर कापडी किंवा रबरी असेल तर ती चालू करून बघायच्या आधीच बदला. आणि कृपा करून नवीन ऑइलपेंट मारू नका! चकाचक दिसावं म्हणून लोक कंपनीची पितळी पाटीसुद्धा रंगवून टाकतात, मग मॉडेल कुठलं हे सुटे भाग शोधताना कळायला मार्ग राहत नाही.

आता आपल्याकडे मागणं. आपल्या छोट्या जाहिरातींत गाड्या, फ्लॅट, सोफे सगळं असतं, पण चालू अवजारं आणि मशीनं ह्यांच्यासाठी वेगळा रकाना नाही, ती "इतर" मध्ये जुन्या फ्रिजच्या शेजारी छापली जातात आणि ज्याला हवं तो तिथे बघतच नाही. आठवड्यातून एकदा चार ओळींचा रकाना द्या, "कामाची अवजारं, चालवणाऱ्याला" असं काहीही नाव ठेवा. त्यात मशीन कुठलं, सोबत काय काय सामान आहे, चालू आहे की बंद, वीज कुठली लागते आणि उचलायला किती माणसं लागतील एवढं असलं की पुरे, फोटोची गरज नाही. मशीन नेणाऱ्यानं नाही वापरलं तर विकण्याआधी देणाऱ्याला कळवावं, एवढी एक ओळ दोघांनी कागदावर लिहून सही केली तरी निम्मी भांडणं वाचतील.

माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे, कुणी विचारलं तर जरूर द्या, शिकवायला मी पदरचा वेळ द्यायला तयार आहे. पत्र लांबलंय हे कळतंय, जागा कमी पडली तर पाद्रीबुवांचा आणि म्युझियमचा भाग उडवा, अक्षरांच्या डब्यांना मात्र कात्री लावू नका.

आपला,
एक जुना वाचक आणि कारागीर