परदेशी अभ्यासदौऱ्याची आखणी कोणी करायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वास्तुकला महाविद्यालये विद्यार्थ्यांना अभ्यासदौऱ्यासाठी परदेशात नेतात ही पालकांच्या पैशांची उधळपट्टी आहे, आधी आपला देश तरी धड पाहा, अशा आशयाची पत्रे वृत्तपत्रांतून अधूनमधून वाचायला मिळतात. मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील असून वास्तुकलेच्या पदवी अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षाला शिकते. गेल्या हिवाळ्यात वर्गासोबत मी श्रीलंकेला जाऊन आले. माझा आणि वर्गातील बहुतेकांचा तो पहिलाच परदेशप्रवास. उधळपट्टीचा आरोप मला मान्य नाही. मात्र आमच्या दौऱ्याची आखणी ज्या पद्धतीने झाली ती पाहता तो आरोप सर्वस्वी निराधार आहे असेही म्हणवत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

देशाची निवड योग्यच होती. मुंबईहून कोलंबोला विमानाने साधारण अडीच तास लागतात, म्हणजे कोलकात्याला जायला लागतात जवळपास तितकेच. तेथील नैऋत्य किनाऱ्यावर आपल्या कोकणासारखाच मोसमी पाऊस, तसाच दमटपणा, तशाच नारळी-पोफळी आणि बांधकामाला तसाच जांभा. युरोपातील काचेच्या इमारती पाहून आलेल्या विद्यार्थ्याला त्यातले रत्नागिरीत किंवा कुडाळात काय वापरायचे हा प्रश्न पडतो. श्रीलंकेत तो पडत नाही.

याचे एकच उदाहरण थोडे विस्ताराने देते. जेफ्री बावा (1919–2003) या श्रीलंकेच्या विख्यात वास्तुविशारदांच्या अनेक इमारतींवर आपल्याकडच्यासारखी नळीची कौले दिसतात. वळचणीखाली उभे राहून वर पाहिले की कौलांच्या खाली सिमेंटचे पन्हळी पत्रे असल्याचे ध्यानात येते. कौलांच्या ओळी त्या पन्हळींवर नेमक्या बसवलेल्या असतात. वरचे कौल ऊन खाते आणि छपराला रूप देते, पाणी अडवण्याचे काम मात्र पत्रा करतो. त्यामुळे एखादे कौल सरकले किंवा फुटले तरी घरात धार लागत नाही. आमच्या गावी दर वर्षी मे महिन्यात घर शाकारावे लागते, वानरांनी फोडलेली कौले बदलावी लागतात, आणि या कामाला आता माणसे मिळेनाशी झाल्यामुळे वाडीतील कितीतरी घरांवरची कौले उतरून निळे पत्रे चढले आहेत. त्या उघड्या पत्र्याखाली एप्रिलमध्ये बसवत नाही, हे तेथे राहणाऱ्यांना विचारावे. यावरचा तोडगा श्रीलंकेत 1960 च्या दशकापासून वापरात आहे. (त्या काळच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असे, तो आता अर्थातच नको, पण त्याविना बनणारे पत्रे बाजारात आहेत.) ही गोष्ट मला वर्गातल्या स्लाइडवरून कळली नसती, कारण स्लाइडवर छप्पर नेहमी वरून किंवा लांबून दिसते.

आता आखणीविषयी. आमचा दौरा महाविद्यालयाने एका टूर कंपनीकडे सोपवला होता आणि कंपनीने कुटुंबांसाठी असलेल्या तयार कार्यक्रमात बावांच्या तीन-चार इमारती घालून तो ‘स्टडी टूर’ म्हणून आम्हाला दिला. बेंटोटाजवळची लुनुगंगा ही बावांनी 1948 साली घेतलेली जागा. तेथे त्यांनी पुढची कित्येक दशके झाडे, पायऱ्या, भिंती, एवढेच काय टेकडीचा माथासुद्धा बदलत नेला, तलावापलीकडचा स्तूप घरातून दिसावा म्हणून. बातिक कलावंत एना डि सिल्वा यांच्यासाठी बावांनी 1960 च्या दशकात कोलंबोत बांधलेले चौकाचे घर पाडण्याऐवजी क्रमांक घालून उतरवून आता लुनुगंगा येथेच पुन्हा उभारलेले आहे. ज्या राज्यात वाडे रातोरात जमीनदोस्त होतात तेथील विद्यार्थ्यांनी ते तपशिलाने पाहायला हवे होते. या सगळ्यासाठी आमच्या वाट्याला मार्गदर्शकासोबतची तासाभराची फेरी आली. त्याच दिवशी कासवांच्या उबवणी केंद्रावर आणि रत्नांच्या दुकानात मिळून त्याहून अधिक वेळ गेला. कासवे पाहायला आम्हाला वेळासला जाता आले असते.

सिगिरियाचीही हीच गत झाली. पाचव्या शतकातील कश्यप राजाच्या त्या कातळावर चढून उतरण्यातच सकाळ संपली. तेथील भित्तिचित्रे पाहताना अजिंठा आठवतो, आणि अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचा काळही जवळपास तोच आहे. परंतु वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने ज्यापाशी थांबावे ती पायथ्याची जलोद्याने, जिची काही कारंजी पावसाळ्यात आजही उडतात अशी ती पाण्याची रचना, आम्ही बस गाठण्याच्या घाईत ओलांडली. गॉलचा डच किल्ला संध्याकाळी तटावरून धावता पाहिला. वेंगुर्ल्याची सतराव्या शतकातील डच वखार कशी ढासळत चालली आहे हे आम्ही सिंधुदुर्गातली मुले जाणतो. त्याच डचांनी बांधलेल्या गॉलच्या तटबंदीच्या आत मात्र माणसे राहतात आणि घरे दुरुस्त होतात. ते कोणत्या नियमांनी चालते हे तेथील कोणाला तरी विचारायचे होते. त्या गप्पांसाठी कार्यक्रमात जागा नव्हती. निवांत वेळ मिळाला तो एकट्या कंदलमाच्या, बावांनीच आखलेल्या हॉटेलात, तोही तेथे बुफे जेवण ठरले होते म्हणून. पावसाचे पाणी कातळावरून खाली वाहून जावे यासाठी इमारत खांबांवर उचलून धरलेली कशी आहे, याची आमच्या स्केचबुकांतील सर्वांत बरी रेखाटने त्या दुपारची आहेत. मोजणीसाठी नेलेल्या टेप तर संपूर्ण दौऱ्यात पिशवीबाहेर निघाल्या नाहीत.

सर्वांत खटकली ती कँडीतील गोष्ट. मिनेट डि सिल्वा (1918–1998) या श्रीलंकेच्या पहिल्या महिला वास्तुविशारद कँडीच्या. त्यांचे वास्तुकलेचे सुरुवातीचे शिक्षण मुंबईत झाले आणि 1946 साली मुंबईत ‘मार्ग’ हे कलाविषयक नियतकालिक सुरू करणाऱ्यांमध्ये त्यांचा सहभाग होता. 1950 च्या दशकात कँडीजवळ वटापुलुवा येथे सरकारी नोकरांसाठी वसाहत उभारायची ठरली, तेव्हा घर कसे हवे हे त्यांनी तेथे राहायला येणाऱ्या कुटुंबांनाच प्रश्नावल्या देऊन विचारले आणि त्यानुसार घरांचे वेगवेगळे प्रकार आखले. आपल्याकडे घरकुल योजनेत आजही अनेकदा एखादा ठरावीक नकाशाच माथी मारला जातो, त्यामुळे हे काम आमच्या किती उपयोगाचे होते हे वेगळे सांगायला नको. आमच्या कार्यक्रमात कँडीसाठी बुद्धाच्या दंतधातूचे मंदिर, मसाल्याची बाग आणि नृत्याचा कार्यक्रम एवढेच होते. वटापुलुवा शहराच्या अगदी लगत आहे. सोबतच्या प्राध्यापकांनी मार्ग बदलण्याची विनंती केली, त्यावर बसचे किलोमीटर ठरलेले आहेत, असे उत्तर मिळाले.

खर्चाचा मुद्दा टाळून चालणार नाही. वर्गातील काहीजण पैशांअभावी आले नाहीत, आणि त्यांना त्या दिवसांत ग्रंथालयात बसून अहवाल लिहायला सांगण्यात आले. हे मला सर्वथा अयोग्य वाटते. नवा पासपोर्ट काढायला दीड हजार रुपये लागतात, ते जमतात. पण परदेशी टूर पॅकेजच्या रकमेवर टीसीएसही (विक्रेत्याने आगाऊ वसूल करायचा प्राप्तिकर) आकारला जातो, आणि ज्यांचे उत्पन्न शेतीचे असल्याने करपात्रच नाही अशा पालकांना ते पैसे परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. शैक्षणिक संस्थेने नेलेल्या दौऱ्याला यातून सूट देण्याचा विचार सरकारने करावा. दुकाने आणि बागा वगळल्या, हॉटेलांऐवजी साधी अतिथिगृहे घेतली आणि फिरण्याचा मुलूख निम्मा केला, तर तेवढ्याच दिवसांचा दौरा बराच स्वस्त होईल असे आम्ही परतल्यावर मांडलेल्या हिशेबावरून दिसते. शिवाय प्रेक्षणीय स्थळांच्या तिकिटांत सार्क देशांच्या नागरिकांना जी सवलत मिळते ती पॅकेजच्या किमतीत कोठे गेली, हे आम्हाला अखेरपर्यंत समजले नाही.

महाविद्यालयांना विनंती इतकीच आहे की दौऱ्याची आखणी शिकवणाऱ्यांनी करावी. टूर कंपनीकडे तिकिटे, बस आणि मुक्काम एवढेच ठेवावे. निदान एका इमारतीची मोजणी करून नकाशे काढता येतील इतका सलग वेळ, मालकांची आगाऊ परवानगी घेऊन, कार्यक्रमात धरावा. तेथील वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसोबत एक दिवस घालवता आला तर उत्तमच. कार्यक्रमपत्रिका पैसे भरून घेण्याआधी विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या हाती लेखी द्यावी, आणि ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी माजी विद्यार्थ्यांकडून निधी उभारावा. बहुतेक महाविद्यालयांत हिवाळी दौऱ्याचे दिवाळीपूर्वीच ठरते, तेव्हा यंदा हा विचार होण्यास अजून वेळ आहे.

आपली विश्वासू,
वास्तुकलेची एक विद्यार्थिनी,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)