पुण्याला येतोस तर रंधा बरोबर आण

सदाशिव पेठ, पुणे
४ नोव्हेंबर

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र परवा मिळाले. कंपनीच्या कामासाठी चाकणला आठवडाभर येतो आहेस, हे वाचून आनंद झाला. फावल्या वेळात लाकूडकामाच्या दृष्टीने पुण्यात काय पाहावे, असे तू विचारले आहेस. चाकणहून संध्याकाळी शहरात शिरणे म्हणजे काय असते ते मी जाणतो. म्हणून आल्या दिवशीचा रविवार, शुक्रवारची दुपार आणि परतायच्या आधीचा शनिवार, एवढेच तुझ्या हाती आहे असे धरून लिहितो.

आधी शनिवारचे सांगतो, कारण या साऱ्या फेरीत मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट गावाबाहेर आहे. सकाळच्या लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचे. स्थानकाच्या एका अंगाला भाजे आहे आणि दुसऱ्या अंगाला कार्ले. लेणी म्हणजे पाथरवटाचे काम, तिथे सुताराने काय पाहायचे, असे तू म्हणशील. तरी आधी भाज्याला जा. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या त्या चैत्यगृहाचे, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनामंडपाचे, खांब ओळंब्यात नाहीत, ते आतल्या बाजूला कललेले आहेत. अखंड डोंगरातून कोरलेल्या खांबाला कलण्याचे काहीच कारण नसते, कारण त्याच्यावरचे छत कुठे सरकणार नसते. लाकडी मंडपात मात्र कमानदार छपराचा रेटा खांबांना बाहेर ढकलतो आणि तो पेलण्यासाठी खांब आत कलते रोवावे लागतात. सुताराची ती गरज दगडात उरली नव्हती, पण सवय उरली. या लेण्याचा दर्शनी भाग मुळात लाकडाचा होता. तो केव्हाच नाहीसा झाला, पण त्याची लाकडे अडकवण्यासाठी कातळात घेतलेल्या खाचा अजून तशाच आहेत. मागच्या खेपेला बरोबरची मंडळी फोटो काढून पुढे गेली आणि मी त्या खाचांवरून तुळया किती जाड असतील याचा हिशोब करत खालीच उभा राहिलो.

कार्ल्याचे चैत्यगृह भाज्यानंतरचे आणि भारतातले सर्वांत मोठे. लांबी सुमारे ४५ मीटर. आत गेल्यावर खांबांच्या माथ्यावरची हत्तींची जोडपी सगळेच पाहतात; तू मान आणखी वर कर. छताला ओळीने लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत आणि त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, लेणे कोरले तेव्हाच्या मानल्या जातात. त्यांच्यावर भार कसलाच नाही. स्तूपावरची छत्रीही लाकडाचीच आहे. पाऊस नाही, ऊन नाही, जमिनीचा ओलावा नाही, अशी जागा मिळाली तर लाकूड किती टिकते याचा याहून मोठा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. तिथल्या ब्राह्मी लेखांपैकी एकात लेण्याच्या दाराचे काम करणाऱ्याचे नाव आहे: धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा, व्यवसायाने ‘वढकी’, म्हणजे सुतार. हिंदीतला बढई याच शब्दाच्या घराण्यातला. आपला सुतार मात्र सूत्रधारावरून आला. लेण्याच्या तोंडाशीच एकवीरेचे देऊळ असल्यामुळे रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणूनच मी शनिवार सुचवतो आहे.

आता गावातले. रविवारी सकाळी मंगळवार पेठेतला जुना बाजार गाठ. तो बुधवारी आणि रविवारीच भरतो. गंजक्या नळांच्या आणि मोटारीच्या सुट्या भागांच्या ढिगातून पटाश्या, गिरमिटे, लाकडी रंधे निवडावे लागतात. पटाशीची मूठ फुटकी असली तरी चालेल, पाते मात्र पाठीकडून पाहा. पाठीवर गंजाचे खोल खड्डे असतील तर ती कितीही घासलीस तरी धार धरणार नाही. दोन वर्षांपूर्वी मी तिथून हातभर लांबीचा कडीचा, म्हणजे छताखालच्या आडव्या लाकडाचा, तुकडा आणला होता. कुठल्या तरी पाडलेल्या वाड्याच्या कडीपाटातला असावा. वरून धुराने कोळशासारखा काळा. रंध्याचे दोन हात फिरवले आणि आतून मधाच्या रंगाचा साग निघाला, खोलीभर त्याचा तो तेलकट, चामड्यासारखा वास पसरला, आणि तिसऱ्या हाताला पाते खिळ्यावर जाऊन बसले. डोके मोडून आत राहिलेला तो खिळा वरून दिसतच नव्हता. पात्याला पडलेला दाता काढायला मला अख्खी संध्याकाळ लागली. जुने लाकूड घेणार असलास तर खिशात लोहचुंबक ठेव, एवढाच त्यातून घेण्यासारखा धडा.

तिथून विश्रामबाग वाडा. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधलेला हा वाडा आधी समोरच्या पदपथावरून पाहा; जवळ गेलास की सज्जाच्या नक्षीत अडकशील आणि एकूण बांधणी नजरेतून निसटेल. खाली दगडी तळखडा, त्यावर सुरूच्या झाडासारखा निमुळता होत जाणारा खांब, माथ्यावर केळफूल, मग तुळई. तळखड्यामुळे खांबाचे बूड जमिनीच्या ओलीपासून सुटते, आणि पेशवाईतले खांब आज पाहायला मिळतात त्यात त्या साध्या दगडाचा वाटा मोठा आहे. शनिवारवाड्याला मी पाच मिनिटांपेक्षा अधिक देणार नाही. जुन्नरच्या जंगलातला साग वापरून तो १७३२ मध्ये उभा राहिला आणि १८२८ च्या आगीत आतले सारे जळाले. आता हत्तींना अडवणारे खिळे ठोकलेला दिल्ली दरवाजा तेवढा पाहावा आणि जोत्यांवर हळहळून बाहेर पडावे. लकडी पुलाच्या नावाला मात्र फसू नकोस. मूळ पूल लाकडी होता खरा, आज तिथे लाकूड औषधालाही नाही.

राजा दिनकर केळकर संग्रहालय विश्रामबाग वाड्यापासून चालत जाण्याजोगे आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने ते उभे केले. जमवलेल्या वस्तू वीस हजारांच्या आसपास, मांडलेल्या त्याच्या काही हिश्श्याच. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल सगळे दाखवतील. तू कोरीव दारे आणि खिडक्यांपाशी थांब आणि नक्षीपेक्षा चौकटीचे कोपरे पाहा. एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याची कूस, म्हणजे पुढे काढलेली जीभ, कशी बसवली आहे, ते कोपऱ्यातच कळते.

शुक्रवारी दुपारी भवानी पेठेतले टिंबर मार्केट. बल्लारशाच्या सागाच्या प्रदेशातल्या माणसाला पुण्याने साग दाखवणे म्हणजे कोकणातल्या माणसाला नारळ दाखवणे, हे मला समजते. पण इथे आफ्रिकेतला आणि दक्षिण अमेरिकेतला सागही शेजारी शेजारी रचलेला दिसतो, आणि आपल्या सी. पी., म्हणजे जुन्या मध्य प्रांतातल्या, सागाशी त्याची तुलना एकाच गल्लीत करता येते. भाव घनफुटाचा असतो. फळीची लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत धरून गुणाकाराला १४४ ने भागायचे. सात फूट लांब, सहा इंच रुंद, दोन इंच जाड फळी म्हणजे ०.५८ घनफूट. हा हिशोब तोंडपाठ असून मी एकदा फसलो. दुकानदाराने फळ्यांना तेलाचा हात मारून ठेवला होता, त्याखाली कडेचे पांढरट लाकूड झाकले गेले होते, आणि घरी रंधल्यावर सहा इंचांतला दीड इंच बाद निघाला. दुकानाचे नाव लिहीत नाही, आलास की गल्ली दाखवतो. फळीचे टोक मात्र नेहमी पाहावे, तिथे तेल लावायचे बहुतेकांना सुचत नाही.

तुझा तो शिसवी रंधा बरोबर आण. मी त्या कडीच्या तुकड्यातला खिळा काढून ठेवला आहे, पण अर्ध्याच्या पुढे तो मी रंधलेला नाही. उरलेला अर्धा शुक्रवारी रात्री तुझ्या रंध्याने करू. मुक्काम आमच्याकडेच, हॉटेलचे नाव काढू नकोस.

सौ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गाडीची वेळ कळव.

तुझा,
श्रीधर