सुमे, ते पित्ताशयाचे खडे नव्हते

पुणे,
16 नोव्हेंबर

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू विचारलंस, “कुंदे, खरं सांग, डॉक्टर काय म्हणाले?” आणि मी “काही नाही गं, गोड सोडलंय” म्हणून विषय बदलला. फोन ठेवल्यावर जाणवलं, तुझा आवाज कापत होता. भाऊबिजेचा माझा फोटो बघून तुला तुझी आई आठवली असणार. काकूही अशाच वर्षभरात निम्म्या झाल्या होत्या आणि तुमच्या घरात त्या आजाराचं नाव कुणी घेत नव्हतं. तुला त्या भीतीत ठेवून मी दोन रात्री काढल्या. आता नाही ठेववत.

मला कॅन्सर नाही, सुमे. गेल्या वर्षी सप्टेंबरात पित्ताशयाचे खडे काढले असं तुला सांगितलं, ते खोटं होतं. मी वजनाचं ऑपरेशन केलं.

त्याला गॅस्ट्रिक बायपास म्हणतात. जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी वेगळी करतात आणि खालचं आतडं वर आणून तिला जोडतात. सुरुवातीला त्या पिशवीत जेमतेम 30 मिली मावतं, दोन मोठे चमचे समज. ऑपरेशनला गेले तेव्हा माझं वजन 118 किलो होतं आणि उंची तुला माहीतच आहे, पाच फूट एक. म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन मोजायचा आकडा, 49. मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या, रात्री नाकावर मास्क लावून झोपायचं मशीन होतं. आज वजन 76 आहे. गोळ्या बंद झाल्यात, मशीन माळ्यावर गेलंय. साखर तपासत राहावं लागतं, मधुमेह परत डोकं वर काढू शकतो असं डॉक्टरांनी बजावलंय. पण आज तो नाही.

तुला का नाही सांगितलं? ऑपरेशन ठरल्यावर यांनी नात्यातल्या एका बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “तोंडावर ताबा नाही म्हणून पोट कापून घ्यायचं?” ते वाक्य असं रुतलं की मी घरातल्या सगळ्यांना शपथ घातली, बाहेर कुणाला कळता कामा नये. तू तसं कधी म्हणणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तरी तुझ्या डोळ्यांत क्षणभर जरी ते दिसलं असतं तर मला सोसलं नसतं. शाळेत पी.टी.च्या तासाला मला बाजूला बसवायचे, तेव्हा तू “बाई, पोट दुखतंय” म्हणून माझ्याशेजारी येऊन बसायचीस. सबंध वर्ष तुझं पोट दुखत होतं. आणि मी लपवलं ते तुझ्यापासून.

लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं की झालं. ऑपरेशन दोन-अडीच तासांचं, आणि तेव्हा मी झोपेत होते. खरं काम घरी आल्यावर सुरू झालं. पहिले दोन आठवडे फक्त पातळ: मुगाचं गाळलेलं कढण, ताक, प्रोटीनची पावडर. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. घास चावून चावून त्याचं पाणी झालं की गिळायचा. दिवसाला कमीत कमी 60 ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं, आणि माझ्या सासरी तर अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात. शिवाय बी-12, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व हे सगळं जन्मभर, कारण अन्न आतड्याचा पहिला भाग वगळून जातं आणि अंगाला हवं ते सगळं मिळत नाही.

हे सगळं जमतं. जमत नव्हतं ते दुसरंच. आपल्याकडे माया ताटात वाढतात, सुमे. सासूबाई रोज विचारायच्या, “एवढंच?” आणि त्यांचे डोळे भरून यायचे. पानात टाकू नये हे लहानपणापासून अंगात भिनलेलं, आणि आता चौथ्या घासाला थांबलं नाही तर छातीत दगड अडकायचा, तोंडाला फेसाळ पाणी सुटायचं. मी सगळ्यांची जेवणं होईपर्यंत ओट्यापाशी काहीतरी पुसत उभी राहायला लागले. आणि एक सांगू? आधी दुःख झालं, कंटाळा आला, यांच्याशी वाजलं की मी खायचे. डबे उघडायचे, चिवडा, शेव, जे असेल ते. ते खाणं गेलं, दुःख मात्र तिथल्या तिथेच राहिलं. त्याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात केस गळायला लागले. मोरीच्या जाळीवर पुंजके. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारणीने हातावर तिळगूळ ठेवताना माझ्या भांगाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “केमो चालू आहे का हो?” मी हो म्हणाले.

सुमे, मी हो म्हणाले. कॅन्सर आहे म्हणायला मला लाज वाटली नाही, आणि ऑपरेशनचं खरं सांगायला वाटली. घरी येऊन न्हाणीघराची कडी लावून रडले. त्याच आठवड्यात त्या बैठकीला गेले, जिच्यासाठी आमची डाएटिशियन तीन महिने माझ्या मागे लागली होती.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ओपीडी संपली की त्याच हॉलमधल्या खुर्च्या गोल मांडतात. पंधरा-वीस जण असतात, काही ऑपरेशन झालेले, काही अजून विचार करणारे. मी दाराजवळची खुर्ची धरली, पटकन उठून जाता यावं म्हणून. शेजारी मूळच्या सांगलीच्या एक ताई होत्या, त्यांना दोन वर्षं झालेली. माझ्या डोक्यावरची ओढणी सरकली. त्यांनी भांग पाहिला, माझं नावही न विचारता माझा हात धरला आणि स्वतःच्या कपाळावरच्या केसांत फिरवला. “हे बघ, हे सगळे नवे. चौथा महिना ना तुझा? वजन झपाट्याने उतरलं की बहुतेकांचे जातात, आणि येतात परत. प्रोटीन आणि लोहाची गोळी चुकवू नकोस.” डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं. छापील कागदावरही होतं. पण ते आखूड, राठ केस माझ्या बोटांना लागले तेव्हा मला पटलं.

त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही, पण शेवटपर्यंत बसले. पुढच्या महिन्यात केमोची गोष्ट सांगितली. कुणी हसलं नाही, कुणी उपदेश केला नाही. समोरचे एक निवृत्त एसटी कंडक्टर म्हणाले, “मी डेपोत सांगितलं होतं, अल्सर झालाय म्हणून.” बँकेतल्या एका मॅडमनी हर्निया सांगितला होता. एकेक करत सात-आठ जणांनी आपापले खोटे आजार सांगितले. इतके दिवस मला वाटत होतं, असं खोटं बोलणारी मी एकटीच.

कंडक्टर काकांविषयी तुला सांगायलाच हवं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांना गाडीतल्या दोन बाकांमधून आडवं होऊन सरकावं लागायचं, आणि गर्दीत कुणीतरी बोलायचंच. आता आमच्यातल्या नव्या माणसाचा पहिला महिना असला की रोज रात्री आठला त्यांचा फोन जातो. “पाणी किती झालं? चाललात किती?” बस, दोनच प्रश्न.

यंदा गणपतीत मी एक उकडीचा मोदक खाल्ला. एकच. वर्ष होत आलंय, आता काय होतंय, असं वाटलं. पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली, दरदरून घाम, हातपाय गार, डोळ्यांपुढे अंधारी. यांनी गाडीची किल्ली घेतली. मी काकांना फोन लावायला सांगितला. त्यांनी एकामागून एक विचारलं: गोड काय खाल्लंत, किती वेळ झाला, छातीत दुखतंय का, डावा हात भरून आलाय का? मग म्हणाले, “हे डंपिंग दिसतंय. गूळ-साखर पिशवीत न थांबता थेट आतड्यात गेली की असं होतं. आडव्या व्हा. पण डॉक्टरांना आत्ताच कळवा, आणि छातीत दुखलं तर माझं ऐकत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.” यांनी दुसऱ्या फोनवरून डॉक्टरांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. काका तासभर फोनवर होते. बोलत नव्हते फारसे. घोट घोट पाणी घेताय ना, एवढं मध्येमध्ये विचारायचे. सासूबाई पायाशी बसून होत्या. त्या रात्रीनंतर त्यांनी मला कधी “एवढंच?” म्हटलं नाही. आता माझ्यासाठी मटकीची उसळ वाटीत वेगळी काढून ठेवतात, नारळ कमी घालून.

सगळं गोडगोडच आहे असं नाही हं. एक गृहस्थ बैठकीत कसलातरी काढा विकायला लागले होते, त्यांना थांबवावं लागलं. आणि “माझे पन्नास उतरले, तुमचे किती?” हे चालायचं, त्याने वजन अडकलेल्या माणसाचा जीव जायचा. आता आम्ही ठरवलंय, किलो सांगायचे नाहीत, विचारल्याशिवाय तर नाहीच. औषधाचा प्रश्न डॉक्टरांकडेच. हे फार महत्त्वाचं आहे, कारण आमच्यातल्या एका मुलीला सारख्या उलट्या होत होत्या आणि ती “मला सवय झालीय” म्हणत होती. सांगलीच्या ताईंनी तिला त्याच दिवशी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. खूप दिवस उलट्या झाल्या तर बी-1 जीवनसत्त्व संपतं आणि नसांवर, डोक्यावर परिणाम होऊ शकतो. तिला इंजेक्शनं द्यावी लागली. वेळेवर गेली म्हणून निभावलं.

आणि तो आयटीतला मुलगा, आमच्यात सगळ्यात लहान. बायपासनंतर दारू झटकन चढते, रक्तात एकदम जाते. खाण्याची जागा पिण्याने घेतली त्याच्या. तो तीन बैठका आला नाही. चौथ्या वेळी आला आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. बँकेतल्या मॅडमचे मिस्टर पूर्वी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहून सावरलेले. मॅडम त्याच्यासोबत तिथे गेल्या, पहिल्या दिवशी त्याच्या आईचा हात धरून बसल्या. त्यांनी आपल्या घरातलं हे आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. याच मॅडम लोकांचे विम्याचे कागद बघून देतात. बीएमआय 40 किंवा जास्त असेल, किंवा 35 किंवा जास्त असून मधुमेहासारखं काही हाताबाहेर गेलेलं असेल आणि बाकीचे उपाय थकले असतील, आणि डॉक्टरांनी लिहून दिलं असेल, तर निव्वळ लठ्ठपणाचं ऑपरेशन म्हणून विमा नाकारता येत नाही, असा नियम 2019 मध्ये आला. कितीजणांना ते माहीतच नसतं. दागिने मोडतात बिचारे.

रविवारी सकाळी आम्ही सातजण पर्वतीला जातो. 103 पायऱ्या. फेब्रुवारीत मी अकराव्या पायरीवर बसले होते, आणि कुणी पुढे गेलं नाही, सगळे बसले. सुमे, तेव्हा मला पी.टी.चा तास आठवला. तुला फोन करायला मोबाइल काढला, आणि परत ठेवला. त्या दिवसापासून हे पत्र माझ्या डोक्यात आहे.

तू रागाव. फोन करून भांड. माझी काहीच तक्रार नाही. ही माणसं मला मिळाली नसती तर मी या वर्षातून निघाले नसते, हे खरं आहे. पण चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण तू आहेस, आणि तुझ्या वाटणीचं वर्ष मी परक्यांना दिलं, हे मनातून जात नाही.

म्हणून तुझ्या लेकीच्या लग्नाला “जमेलसं वाटत नाही” म्हणाले होते, ते विसर. पंगतीत सगळे आग्रह करतील, मी काय सांगू, म्हणून नाही म्हणाले होते. मी येते. दोन दिवस आधी येते, हळद दळायला. माझं ताट वाढू नकोस, एक वाटी दे आणि तुझ्याशेजारची जागा दे. कुणी जिलबी घेऊन आलं तर तूच सांग, तिचं झालंय म्हणून. लग्नानंतर तुझ्या हातचा पांढरा रस्सा मात्र अर्धी वाटी घेणार, मटणाचा एक तुकडा, अर्धा तास चावत. तेवढा वेळ माझ्यासमोर बसून राहा. सगळं विचार, मी सगळं सांगेन.

स्वारगेटहून सकाळची गाडी धरते. मागे तुझ्याकडे येताना मी दोन सीटची तिकिटं काढली होती, आठवतं? शेजारी बॅग ठेवायची होती, असं तुला सांगितलं होतं. तेही खोटं होतं. या वेळी एकच काढलंय, खिडकीजवळचं.

तुझी,
कुंदा