चालता संगणक भंगारात काढायला सांगू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला विंडोज १० वरचा लेख वाचला आणि राहवले नाही. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० चे संगणक 'निरुपयोगी' झाले असून, यंत्र पाच-सहा वर्षांपूर्वीचे असेल तर दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर नवेच घ्यावे, असे आपण छापले आहे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. आपल्यासारख्या दैनिकात छापून आले की लोक ते खरे मानतात आणि कात्रण घेऊन दुकानात जातात, म्हणून हे पत्र.

माझा संगणक २०१९ चा आहे. असेंबल करून घेतलेला, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, एसएसडी. मी घरूनच डीटीपीची कामे करते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, हेच माझे उत्पन्न. उन्हाळ्यात लग्नसराई ओसरल्यावर विंडोज ११ टाकून घ्यावे म्हणून संगणक जिथून घेतला त्याच दुकानात नेला. दुकानदाराने तपासणीचे ॲप चालवले. टीपीएम २.० च्या ओळीपुढे लाल फुली आली. त्याने सीपीयूचे झाकणसुद्धा उघडले नाही. 'ताई, यावर अकरा पडत नाही. मशीन संपलं. पंचेचाळीस हजारांत नवीन बसवून देतो, जुन्याचे दीड हजार धरतो.' मी विचारले, काल रात्रीपर्यंत यावर चाळीस पानी अहवाल लावला, मग संपले म्हणजे काय झाले? उत्तर मिळाले, 'कंपनीचाच नियम आहे.'

कंपनीचा नियम काय आहे, हे पुण्याला शिकणारा माझा भाचा सुटीत आला तेव्हा कळले. टीपीएम म्हणजे पासवर्ड आणि कुलपाच्या किल्ल्या सुरक्षित ठेवणारा भाग. त्यासाठी वेगळी चिप असलीच पाहिजे असे नाही. माझ्या संगणकातल्या इंटेल प्रोसेसरसोबत ती सोय आलेलीच होती. असेंबल केलेल्या त्या काळच्या बऱ्याच मदरबोर्डांवर ती बंद ठेवलेली असायची, तशी माझ्याकडेही होती. त्या ॲपमध्ये लाल फुलीखालीच बारीक अक्षरांत लिहिले होते की टीपीएम असायला हवे आणि ते सुरूही असायला हवे. रोज दहा संगणक हाताळणाऱ्या माणसाला ती ओळ वाचवली नाही?

भाच्याने संगणक सुरू होताना डिलीटचे बटण दाबून बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधीची यंत्राची मूळ सेटिंग, उघडले, आत 'पीटीटी' नावाची ओळ शोधली (एएमडीचा प्रोसेसर असेल तर तिथे 'एफटीपीएम' असते) आणि ती सुरू केली. लाल फुलीच्या जागी हिरवी खूण आली. पुढे अजून एक अडचण होती. दुकानदाराने २०१९ मध्ये विंडोज टाकताना हार्ड डिस्क जुन्या पद्धतीने, एमबीआरमध्ये लावली होती, त्यामुळे बायोसही जुन्याच पद्धतीवर अडकला होता. ते बदलायची आज्ञा विंडोज १० मध्येच आहे. फॉरमॅट न मारता डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत गेली, मग बायोस विंडोज ११ ला लागणाऱ्या यूईएफआय या नव्या पद्धतीवर नेला. हे करण्याआधी सगळ्या कामाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला होता, आणि तो घेतल्याशिवाय कोणी या वाटेला जाऊ नये, हे मी मुद्दाम लिहिते. त्यानंतर विंडोज ११ नेहमीच्या अपडेटसारखे, एक रुपया न देता चढले. फायली, सॉफ्टवेअर, फॉन्ट, सगळे जागच्या जागी राहिले. फक्त लेझर प्रिंटर पुन्हा जोडावा लागला.

फॉन्ट जागच्या जागी राहणे म्हणजे काय, हे मराठी डीटीपी करणाऱ्यालाच कळेल. आमची जुनी कामे युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी वाचता येईल अशा आजच्या पद्धतीत, नाहीत. ज्या फॉन्टमध्ये ती टाइप केली तो फॉन्ट संगणकावर नसेल तर फाइल उघडते, पण 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा खच दिसतो. गिऱ्हाईक येते आणि म्हणते, थोरल्याच्या लग्नात केली होती तशीच पत्रिका धाकटीची करा. ती फाइल उघडली नाही तर सगळे पहिल्यापासून टाइप करावे लागते. दुकानदार नवीन यंत्र देणार, त्यावर 'विंडोज मारून' देणार आणि माझे वर्षानुवर्षांचे काम त्या जुन्या डिस्कसकट दीड हजारात घेणार, असा तो व्यवहार होता. लेखात बॅकअपचा शब्दही नाही, याचा मला सर्वांत जास्त राग आला.

ज्यांची यंत्रे खरोखर नियमात बसत नाहीत, त्यांच्यासाठीही वाट आहे आणि तीही लेखात नाही. माझ्या नणंदेकडे सहाव्या पिढीचा आय-थ्री आहे. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे तिथे बायोसमध्ये काही करून उपयोग नाही. पण १४ ऑक्टोबरला तिचा संगणक बंद पडला नाही. त्या दिवशी बंद झाले ते मोफत मिळणारे सुरक्षा अपडेट. तो धोका खरा आहे, संगणकावरून बँकेचे व्यवहार करणाऱ्याने त्याकडे काणाडोळा करू नये. पण मायक्रोसॉफ्टनेच घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय दिली आहे. विंडोज १० ची शेवटची, म्हणजे २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचे खाते हवे. सेटिंगचा बॅकअप कंपनीच्या क्लाउडवर ठेवायला मान्यता दिली तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलरच्या आसपास भरावे लागतात. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीचा दुवा येतो. नणंदेने चहा होईपर्यंत ते काम उरकले. पंचेचाळीस हजार खर्च करायचे की नाही, हे ठरवायला तिला वर्षभर मिळाले.

युरोपातल्या ग्राहकांना हीच मुदत सेटिंगचा बॅकअप न देताही फुकट मिळाली आहे. आपल्याकडे ती अट कायम का, हा प्रश्न दैनिकाने विचारायला हवा होता. तो सोडून आपण वाचकांना खरेदीला पाठवता. ज्यांना फक्त इंटरनेट पाहायचे, पत्रे लिहायची, त्यांच्या जुन्या यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली उत्तम चालते. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे त्यावर शिकवतात. माझी मराठी सॉफ्टवेअर त्यावर चालत नाहीत म्हणून मी तिकडे गेले नाही, पण सगळ्यांची अडचण तीच नसते.

आणि विषय निघालाच आहे तर आणखी एक. आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरांनी गेल्या वर्षी नवा लॅपटॉप घेतला. तो सुरू करताना मायक्रोसॉफ्टचे खाते लागते, मास्तरांचे नव्हते, म्हणून दुकानातल्या मुलाने स्वतःच्याच ईमेलने लॅपटॉप चालू करून दिला. विंडोज ११ च्या नव्या यंत्रांत खात्याने प्रवेश केला की डिस्कला आपोआप कुलूप लागते आणि त्याची किल्ली त्या खात्यात जमा होते. यंदा दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला, निळा पडदा आला आणि ४८ अंकी किल्ली मागू लागला. ती त्या मुलाच्या खात्यात, आणि मुलाने नोकरी सोडलेली. मास्तरांच्या बायकोचे शेवटच्या वर्षातले फोटो त्या डिस्कवर आहेत. अजूनही ते कुलूप उघडलेले नाही. दुकानदारांनी गिऱ्हाइकाचा संगणक स्वतःच्या खात्यावर सुरू करणे हा सरळ गुन्हा मानावा, इतके माझे स्पष्ट मत आहे. नवा संगणक घेणाऱ्याने दुकानातून निघण्यापूर्वी खाते कोणाच्या नावाने आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

पाडवा २२ तारखेला आहे. त्याआधीच्या अंकात, त्याच पुरवणीच्या त्याच जागी दुरुस्ती छापावी. टीपीएम बायोसमध्ये बंद असू शकते, वर्षभराची मुदत घेता येते, आणि बॅकअप घेतल्याशिवाय यंत्र कोणाच्याही हाती देऊ नये, एवढे तरी त्यात यावे. आतल्या पानावर दोन ओळींची चूकभूल चालणार नाही, कारण लेख अर्धे पान होता.

आपली,
घरून डीटीपीचे काम करणारी एक वाचक, बार्शी

(नाव छापू नये. गावात संगणकाची दुकाने मोजकीच आहेत आणि मला पुढेही तिथेच टोनर भरून घ्यायचा आहे.)