भिवराव पानसे यांच्या नावाची शिळा उभारायची आहे, हातभार लावा

सप्रेम नमस्कार.

दिवेघाट चढून सासवडकडे निघालं की झेंडेवाडीपाशी मल्हारगडाची वाट फुटते. रविवारी तिथे पुण्याच्या गाड्या थांबतात. गाडी कुठवर जाते, वर पाणी मिळतं का, एवढं विचारून मंडळी पुढे जातात. किल्ला कोणाचा, हे विचारणारा क्वचित भेटतो आणि त्याला दाखवायला रस्त्यावर काही नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही पत्र्याचा फलक लावला होता. दोन पावसाळ्यांत रंग सुटला. ‘पानसे’मधला ‘पा’ आधी गेला, मग पत्राच गंजून पडला. आता नुसते दोन लोखंडी खांब उभे आहेत आणि शेळ्या राखणारी पोरं त्यांना जेवणाच्या पिशव्या अडकवतात.

मल्हारगड बांधला पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी, १७५७ ते १७६० या काळात. मराठ्यांनी बांधलेल्या किल्ल्यांतला हा शेवटचा म्हणतात. खाली सोनोरीत पानशांचा चिरेबंदी वाडा आहे. याच घराण्यातले भिवराव पानसे १७७९ च्या वडगावच्या लढाईत मराठ्यांचा तोफखाना सांभाळत होते.

राघोबादादांना घेऊन इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज बोरघाट चढून आली होती. मराठ्यांनी तिला वाटेत गाठून गाठून हैराण केलं, दाणावैरण मिळू दिली नाही. तळेगावला पोचेपर्यंत गाव जाळून रिकामं केलेलं. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि माघार घेतली. वडगावला ते कोंडले गेले आणि तह करून सुटले. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके ही नावं आपल्याला पाठ असतात. पण तोफ म्हणजे नुसता आवाज नव्हे. गाड्याला बैल जुंपायचे, चढावर दोर लावून ओढायचं, दारू दमट होऊ द्यायची नाही, गोलंदाजापर्यंत गोळा वेळेवर पोचवायचा. हे ज्याच्या शिरावर होतं, त्याचं नाव त्याच्याच मुलखातल्या रस्त्यावर नसावं, हे आम्हाला मनापासून खुपतं. वडगावला महादजींचं स्मारक आहे, ते हवंच. भिवरावांचं इथे व्हावं.

या वेळी पत्रा नको असं ठरलंय. काळ्या दगडाची शिळा, अक्षरं टाकीनं कोरलेली, खाली बांधीव चौथरा. फाट्यालगतच्या एका शेतकऱ्यानं बांधाकडची जागा दिली आहे. तिथलं अंजिराचं झाड तसंच राहील. मजकुरावर बैठकीत बराच वाद झाला. ऐकीव गोष्टींची दोन वाक्यं आम्ही शेवटी काढून टाकली. दगडात चूक कोरली तर ती खोडता येत नाही.

माउलींची पालखी दिवेघाटातून सासवडला येते, त्याआधी काम उरकायचं आहे. लाखो वारकरी या रस्त्यानं चालत जातात. चालता चालता वाचता येईल एवढं मोठं अक्षर ठेवणार आहोत.

पैसे जमतील तेवढे द्या, आम्ही किमान रक्कम ठरवलेली नाही. पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. जमा-खर्चाचा कागद काम संपेपर्यंत देवळात लावलेला राहील. पैशापेक्षा काही गोष्टींची जास्त गरज आहे: शिळा आणायला ट्रॅक्टर-ट्रॉली, एक चांगला पाथरवट आणि मोडी वाचणारं कोणीतरी. पानसे घराण्याशी नातं असणाऱ्यांकडे जुने कागद असतील तर मूळ कागद हातातून सोडू नका, नुसते फोटो आम्हाला द्या.

येत्या रविवारी सकाळी सातला जुने खांब काढून चौथऱ्याचा पाया खणायला घेतोय. फावडी, घमेली आहेत. पहार एकच आहे, ज्यांच्या घरी असेल त्यांनी घेऊन यावी.

आपले,
मल्हारगड परिसरातील ग्रामस्थ