झाडाचं वय लिहिता, तशी त्याची गोष्ट पण लिहून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात हेरिटेज झाडांबद्दल आलं होतं ते वाचलं आणि बरेच दिवस मनात होतं ते लिहायला बसले. २०२१ मध्ये झाडांच्या कायद्यात बदल झाला, ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरायचं आणि तोडायची वेळ आलीच तर जेवढं त्याचं वय तेवढी नवीन झाडं लावायची. हे चांगलंच झालं, पण झाडांची मोजणी होते तेव्हा जात, घेर, उंची लिहितात आणि आजूबाजूची माणसं त्या झाडाबद्दल काय सांगतात ते कुणी विचारतच नाही.

मी गोरेगावला राहते, आरेचं जंगल आमच्या मागेच. तिथल्या एका पाड्यावर ओळखीची एक वारली आजी आहे, तिच्या घरामागे जुना उंबर आहे, आम्ही दोघींनी दोन बाजूंनी मिठी मारली तरी हाताला हात लागत नाही. मुळांच्या बेचक्यात वाघोबाचा दगड आहे. शेंदराचे थरावर थर बसलेत, त्यामुळे कोरलेला वाघ आता डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं की शेपटी तेवढी कळते. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, तेव्हा तिथे नारळ फुटतो. बिबटे आरेत अजून फिरतात पण आजी बिबट्याला राखणदार म्हणते, घाबरून बोलत नाही. झाड किती वर्षांचं विचारलं तर म्हणाली, माझी सासू नवरी होऊन आली तवा पण येवढाच व्हता. त्याची वाळकी फांदी पडली तरी ती चुलीत घालत नाही.

आपल्याकडे उंबराचं फूल म्हणजे कधी न दिसणारी गोष्ट. आजी सांगते ते मध्यरात्री उमलतं, दिसलं त्याचं भलं होतं, पण मुद्दाम बघायला जायचं नाही. शाळेत आम्हाला शिकवलं की फूल त्या फळाच्या आतच असतं आणि एक बारीक माशी आत शिरून परागीकरण करते. मला दोन्ही ऐकायला आवडतं, खरं सांगायचं तर आजीचं ऐकलं म्हणूनच मी पहिल्यांदा उंबर फोडून नीट आत बघितलं.

गोरखचिंचेचं तर वय काढणंच कठीण, म्हातारपणी खोड आतून पोकळ होतं. राणीबागेत आहे, वसईच्या किल्ल्यात आहेत. झाड मूळचं आफ्रिकेचं, अरब नाहीतर पोर्तुगीज जहाजांमधून आलं म्हणतात, आणि इथे आपल्या लोकांनी त्याला गोरखनाथांचं नाव दिलं, नाथांनी शिष्यांना त्याच्याखाली बसून शिकवलं म्हणून. मोठी पांढरी फुलं रात्री उमलतात, वटवाघळं येतात, दुसऱ्या दिवशी गळून जातात. परक्या झाडाला इतकं आपलं करून घेणारी माणसं होती ही! वडाळा, चिंचपोकळी, उमरखाडी, फणसवाडी, ही नावं पण झाडांचीच ना, लोकलमध्ये रोज वडाची आणि चिंचेची अनाउन्समेंट ऐकतो आपण.

ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत २,००० हून जास्त झाडं तोडली गेली. आकडा आम्हाला पाठ आहे, पण त्यातल्या एखाद्या झाडाखाली कुणाचा देव होता का हे आता कुणाला विचारायचं? म्हणून माझं म्हणणं एवढंच की हेरिटेज झाडांची नोंद करताना एक रकाना गोष्टीचा ठेवा, कॉलेजच्या मुलांना पाड्यांवर, कोळीवाड्यांत, गावठाणांत पाठवा, मोबाईलवर रेकॉर्ड करायला पैसे लागत नाहीत, पण सांगणारी म्हातारी माणसं दरवर्षी कमी होतायत.

तुमच्या पेपरने आठवड्याला एक झाड असा छोटा कॉलम सुरू केला तर पहिला मजकूर मी पाठवते, आजीच्या उंबराचा. तिला विचारलंय, ती हो म्हणाली, फक्त फोटो काढायला येणाऱ्यांना चपला लांब काढून यायला सांग म्हणाली.

आपली,
एक वाचक, गोरेगाव (पूर्व)