महापुरात चुकलेल्या तारखा

प्रिय मैत्रिणी,

तुझे पत्र मिळाले. पावसाळ्यापूर्वी पूर-शिबिराची तयारी तुझ्याकडे आली आहे, म्हणून शिरोळ तालुक्यातला माझा २०१९ चा अनुभव लिहिते. ओआरएस, क्लोरीन, लेप्टोसाठी (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापासाठी) डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या यांची फार चिंता करू नकोस. साथीची धास्ती सगळ्यांनाच असते, त्यामुळे ते येतेच. राहून जाते ते नेहमीचे काम.

त्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही फुगल्या, वीज गेली, पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद पडला. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, म्हणून आम्ही ती शीतपेट्यांत भरून उंचावरच्या केंद्रात वेळेवर हलवली. पण टोचायची कोणाला? गाव पांगले होते, कोणी जयसिंगपूरच्या शाळेत, कोणी कर्नाटकातल्या पाहुण्यांकडे. दहा आठवड्यांच्या बाळाचा पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा, दुसरा डोस चुकला तर ते रडत नाही, त्याला ताप येत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी कोणी धावतही नाही.

सातव्या महिन्यातली एक सून नणंदेकडे गेली होती. महिनाभर तिचा रक्तदाब कोणी मोजला नाही. परतली तेव्हा पाय सुजलेले आणि दाब चढलेला. तिला लगेच वरच्या रुग्णालयात पाठवले, मायलेकरे सुखरूप आहेत, पण ते दिवस आठवले की अजून धस्स होते. एका आजोबांची बीपीची गोळी तर कित्येक आठवडे बंद होती, कारण शिबिरातले डॉक्टर फक्त तापजुलाबाचे, असे त्यांना वाटले.

पाणी ओसरल्यावर घरातला गाळ उपसणाऱ्या बाईला ‘बाळाला घेऊन ये’ म्हणायला माझी जीभ रेटली नाही, आणि तिथेच माझे चुकले. तारीख टळली म्हणजे सगळे पहिल्यापासून करावे लागते, या समजुतीने आया येईनाशा झाल्या. राहिलेला डोस तिथूनच पुढे देता येतो, हे मी दारोदार जाऊन आधीच सांगायला हवे होते.

माता-बाल कार्डे बहुतेकांची ट्रंकेतच भिजली. आमची नोंदवही वरच्या फळीवर होती, म्हणून निभावले. तेव्हा आशाताईंना बरोबर घेऊन आत्ताच प्रत्येक गरोदर बाईची आणि बाळाची पुढची तारीख लिहून काढ, आणि पूर आला तर ती कोणाकडे जाईल, त्या नातेवाइकाचा फोनही त्यापुढे लिही. नकला दोन कर. एक आशाताईंकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत राहू दे. शिबिरात बीपी, शुगर आणि लसीसाठी एक टेबल वेगळे मागून घे, आणि ते कशासाठी आहे हे माइकवरून रोज सांगायला लाव.

तुझी,
जुनी मैत्रीण